मंद आवाजाचे भाग

चेरुकडवच्या सार्वजनिक वाचनालयातला शेवटचा विंडोज संगणक ज्या दिवशी पुसून कोरा करण्यात आला, त्या दिवशी वाचनालयात गोड पायसम वाटले गेले. सन २००९ चा जून महिना होता. शाळांनी त्याआधीच लिनक्स या खुल्या प्रणालीचा स्वीकार केला होता. गावचे वाचनालय मागे राहिले हे कमीपणाचे वाटून कार्यकारिणीने रीतसर ठराव केला, आणि त्याच्या अंमलबजावणीचे काम साहजिकच टी. पी. चिंडन मास्तरांकडे आले. मास्तर गावच्या शाळेत गणित आणि संगणक शिकवत. ज्या सॉफ्टवेअरचे कुलूप आणि किल्ली दोन्ही परक्याच्या खिशात आहेत, त्याच्यावर मुलांनी विसंबू नये, असे त्यांचे ठाम मत होते. यापुढे आपल्या हाताखालच्या एकाही यंत्रावर विंडोज चढणार नाही, असे त्यांनी त्या दिवशी सर्वांसमक्ष जाहीर केले आणि मगच पायसमची वाटी हातात घेतली.

पुसण्यापूर्वी त्यांनी संगणकातली प्रत्येक फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली होती. तीनशे बारा फाइलींची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून, खाली तारीख घालून, कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. मास्तरांच्या घरी छत्रीच्या मुठीवरही नाव आणि विकत घेतल्याची तारीख असे. त्यांची पत्नी रोहिणी म्हणे, की लग्नाच्या दिवशी माझ्याही कपाळावर यांनी चिठ्ठी लावायला कमी केले नसते, पण कुंकू आड आले.

त्या यादीत एक्केचाळीस ध्वनिमुद्रणे होती. ती संगणकावर ज्या कार्यक्रमातून, म्हणजे प्रोग्रॅममधून, ऐकता येत, तो कार्यक्रम मात्र यादीत नव्हता. यादी माहितीची होती. कार्यक्रम हा मास्तरांच्या लेखी त्या दिवशी धुऊन काढायच्या गोष्टींपैकी एक होता.

ही ध्वनिमुद्रणे अंबु पेरुवण्णान यांच्या आवाजातली होती. टेकडीखालच्या कावूत, म्हणजे देवराईतल्या ठाण्यात, असलेल्या कुन्नत्त भगवतीचे तेय्यम, म्हणजे देवी अंगावर घेऊन नाचायचे रूप, धारण करण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. या देवीचा मोठा कळियाट्टम, तेय्यमचा उत्सव, पंचवीस वर्षांनी एकदा होतो. १९९९ साली तो अंबुंनी पार पाडला. देवीची कथा सांगणारे तोट्टम साडेतीन तासांचे. ते कागदावर कधी उतरलेले नाही. शिवाय पुढच्या माणसाची निवड कावूसमोर झाल्यावाचून त्याला त्यातली एक ओळही शिकवायची नाही, असा दंडक. मास्तर तसे देवळात पाऊल न टाकणारे, मे महिन्याच्या पहिल्या तारखेला लाल झेंड्याखाली उभे राहणारे गृहस्थ. पण एवढी मोठी गोष्ट एकाच माणसाच्या डोक्यात ठेवलेली आहे, हा त्यांना अव्यवस्थेचा कळस वाटे. वर्षभर मागे लागून, पुढच्या उत्सवाला तुम्ही एक्क्याऐंशी वर्षांचे असाल हा हिशेब पुनःपुन्हा मांडून, त्यांनी २००६ साली अंबुंना राजी केले. अंबुंनी एकच अट घातली. जो निवडला जाईल त्याच्याआधी हे कुणी ऐकायचे नाही, मास्तरांनीसुद्धा नाही.

वाचनालयाने अनुदानातून घेतलेले एक लहानसे चंदेरी यंत्र होते, पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातल्या कंपनीचे. तीन दुपारी अंबुंच्या अंगणात, फणसाखाली, ते पाटावर ठेवून मुद्रण झाले. मास्तर हातभर अंतरावर बसले होते. पण त्यांची नजर यंत्राच्या काचेवर पळणाऱ्या आकड्यांवर आणि बॅटरीच्या खुणेवर होती. यंत्र आपले काम करीत आहे याची ते खात्री करीत राहिले. अंबु काय म्हणत आहेत, याची खात्री करणे हे त्या यंत्राचे काम आहे, अशी त्यांची समजूत होती.

२०२१ मध्ये अंबुंना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. पुढच्या वर्षी ते वारले. २०२३ च्या सप्टेंबरात कावूसमोर निवड झाली ती त्यांच्या बहिणीच्या मुलाची, सुगुणनची. सुगुणन छत्तीस वर्षांचा, इतर वेळी भिंती रंगवण्याची कामे घेणारा, अबोल माणूस. लहानसहान तेय्यमे त्याने मामांकडून घेतली होती; कुन्नत्त भगवती मात्र दंडकामुळे राहिली होती. उत्सव फेब्रुवारीत होता. उत्सव समिती वाचनालयात आली, आणि मास्तरांनी डिस्क काढली.

फाइली उघडेनात. त्यांचा साचा त्या कंपनीचा स्वतःचा होता, आणि कंपनी केव्हाच बंद पडली होती. आठवडाभर शोध घेतल्यावर जुन्या सॉफ्टवेअरचा साठा करणाऱ्या एका संकेतस्थळावर तो डीकोडर, म्हणजे त्या बंदिस्त फाइलींतून साधा आवाज बाहेर काढणारा कार्यक्रम, सापडला. तो फक्त विंडोजवर चालणारा होता.

समितीचे सचिव उण्णि पोदुवाळ हे मास्तरांचे जुने मित्र. कावू ज्यांच्या जमिनीत आहे त्या पोदुवाळ घराण्याचे ते आता कर्ते होते, आणि रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला वाचनालयात येत. त्यांनी सुचवले, की पय्यन्नूरला फोटो स्टुडिओत विंडोज आहे. डिस्क घेऊन जाऊ, बिनदुधाचा कट्टन चहा घेईपर्यंत काम होईल. मास्तरांनी नकार दिला. चौदा वर्षांपूर्वी सर्वांसमक्ष बोललेला शब्द स्टुडिओच्या मागच्या खोलीत मोडायचा, हे त्यांच्याने होणार नव्हते. शिवाय तशी गरजही नव्हती. विंडोजसाठी लिहिलेला कार्यक्रम लिनक्सवर चालावा म्हणून मध्ये दुभाष्यासारखा उभा राहणारा एक थर असतो. कार्यक्रम विंडोजच्या भाषेत जे मागेल, ते तो लिनक्सकडून आणून देतो. कार्यक्रमाला आपण परक्या घरी आहोत याचा पत्ताही लागत नाही. त्या थराचे नाव वाइन. पोदुवाळांनी हे नाव ऐकल्यावर, सहासष्टाव्या वर्षी मास्तरांना वाइनची चटक लागली असे गावभर सांगितले, आणि रोहिणीबाईंना चार ठिकाणी खुलासा करावा लागला.

दोन आठवडे डीकोडर उभा राहीना. एकदा हा तुकडा कमी, एकदा तो. मास्तर प्रत्येक प्रयत्न वहीत क्रमांक घालून लिहीत. चौतिसाव्या प्रयत्नाला खिडकी उघडली. कार्यक्रम त्याच्या देशाच्या लिपीतला होता आणि ती लिपी वाचनालयाच्या संगणकात नव्हती. म्हणून जिथे अक्षरे असायची तिथे सगळीकडे रिकामे चौकोन दिसत होते. मास्तरांनी पहिली फाइल दिली. एक छोटी खिडकी पुढे आली. तिच्यात चौकोनांच्या दोन ओळी, खाली दोन बटणे, बटणांवरही चौकोन. त्यांनी एंटर दाबले. पट्टी सरकली, आणि साधी ध्वनिफाइल तयार झाली.

सुरुवातीचे तीन सेकंद त्यांनी ऐकले. अंबुंचा आवाज होता. अट आठवून त्यांनी लगेच बंद केले. त्यानंतर फाइलीगणिक ती छोटी खिडकी आली, आणि फाइलीगणिक त्यांनी एंटर दाबले. एक्केचाळीस वेळा. एक्केचाळीस फाइली पेन ड्राइव्हवर घालून, यादीसह, लिफाफ्यावर मोहोर उमटवून त्यांनी त्या सुगुणनच्या हाती दिल्या. आपण न ऐकता दिल्या, याचे त्यांना विशेष समाधान होते.

सुगुणन चार महिने त्या आवाजापुढे बसला. एकोणतिसाव्या फाइलीत एके ठिकाणी ताल उडी मारतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. त्याने ते कुणाला विचारले नाही. मामांच्या मुखातून जसे आले तसे घ्यायचे. शिष्याने गुरूचा ताल दुरुस्त करायचा नसतो. त्याने ती उडीसुद्धा जशीच्या तशी बसवली.

*

उत्सवाला नऊ दिवस उरले होते. आदल्या संध्याकाळी सुगुणन कावूशेजारच्या झावळ्यांच्या कुटीत व्रताला बसला होता. आता देवी अंगावर येऊन जाईपर्यंत त्याला कुणी भेटायचे नव्हते आणि कसले यंत्र आत जायचे नव्हते. त्या सकाळी अकराच्या सुमारास अंबुंची विधवा, माणिक्कम, वाचनालयाच्या पायऱ्या चढून आली. याआधी ती या इमारतीत कधी आली नव्हती. मास्तरांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"मास्तर, काल जायच्या आधी पोरानं अंगणात सगळं म्हणून दाखवलं," ती म्हणाली. "तुमच्या त्या डबीत ह्यांचा आवाज आहे. ह्यांची कुजबुज कुठं गेली?"

मास्तरांना कळेना. तेव्हा तिने सांगितले. नव्याण्णवच्या आधी अंबु एक्केचाळीस दिवस घरात सराव करीत होते. ती स्वयंपाकघरात असे. विहिरीच्या काठचा प्रसंग आला, की त्यांचा आवाज एकदम खाली जाई, इतका की भिंतीपलीकडे शब्द पोचत नसत. पेजेचे भांडे खाली ठेवून ती कान देई, तरी नाही. मग आवाज पुन्हा वर येई. शब्द तिला ठाऊक नव्हते. पण तिथे काहीतरी होते, हे ठाऊक होते.

"काल पोरानं ती जागा अशी ओलांडली, जशी काही तिथं खड्डाच नाही. मी म्हटलं, तिथं काय केलंस? तर मामीला म्हणतो, अम्मायी, टेपमध्ये नाही. मी म्हटलं, टेप माझ्यापेक्षा जास्त वर्षं नांदली का ह्यांच्याबरोबर?"

"एडत्ती, यंत्र एखादी ओळ गाळत नाही," मास्तर म्हणाले. "फाइल एक तर उघडते, नाही तर उघडत नाही."

"मग तुम्ही तिथं होतात. तुम्हीच सांगा, त्यांनी म्हटलं का नाही?"

तीन दुपारी, हातभर अंतरावर, आणि मास्तरांना आठवत होते ते काचेवरचे आकडे. त्यांनी तिला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितले.

ती गेल्यावर त्यांनी जे करायला हवे होते ते चार महिने उशिराने केले. त्या देशाची लिपी संगणकावर चढवायला जेमतेम सात मिनिटे लागली. डीकोडर पुन्हा उघडला, एकोणतिसावी फाइल दिली. छोटी खिडकी पुढे आली. चौकोनांच्या जागी आता अक्षरे होती. ती त्यांना वाचता येत नव्हती. पण मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्यांचा अर्थ लावून दिला. जागा वाचावी म्हणून मंद आवाजाचे भाग वेगळे दाबून ठेवले आहेत, असे त्यात लिहिले होते. ते भाग वगळून पुढे जायचे काय, असा प्रश्न होता. डावीकडे होय, उजवीकडे नाही. एंटर दाबले की होय.

एक्केचाळीस वेळा त्यांनी होय म्हटले होते.

मास्तरांनी उठून दार लोटले, आणि एक्केचाळीस फाइली एकेक करून पुन्हा घातल्या. या वेळी प्रत्येक वेळी उजवे बटण. जुन्या आणि नव्या लांबीचा तक्ता केला. बहुतेक ठिकाणी फरक श्वासांचा, खाकरण्याचा, पाण्याच्या घोटाचा होता. एकोणतिसाव्या फाइलीत मात्र एकाच जागी सलग अडतीस सेकंद वाढले होते. अट मोडावी की पाळावी, यावर त्यांनी किती वेळ घालवला हे त्यांना पुढेही सांगता आले नाही. अखेर त्यांनी ते अडतीस सेकंद ऐकले.

कथा गावात सर्वांना माहीत होती. संध्याकाळच्या वेळी, मारेकरी मागे लागलेली एक बाई मोठ्या घराच्या दाराशी आली. दार उघडले नाही. ती विहिरीच्या काठी मारली गेली आणि देवी झाली. मोठ्याने म्हटले जाणारे तोट्टम एवढेच सांगते. खालच्या आवाजात अंबु त्यापुढच्या चार ओळी म्हणत होते, सावकाश, प्रत्येक शब्द तळहातावर ठेवावा तसा:

दाराला कडी नव्हती, अडसर नव्हता;
आतून टेकलेला तुझा तळहात होता.
मी आत येणार नाही, माझी वाट वेगळी;
तेवढा हात काढ, पोदुवाळा, हात काढ.

*

समितीला कळवणे हे कर्तव्य होते, म्हणून मास्तर प्रथम पोदुवाळांकडे गेले. ओळी सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवले होते. वाचनालयाच्या ओट्यावर बसून त्यांनी चूक सांगितली, तक्ता दाखवला, आणि एवढेच म्हटले, की चार ओळी राहिल्या आहेत आणि त्या दिवा धरणाऱ्याच्या कानात सांगायच्या आहेत.

"म्हणजे माझ्या," पोदुवाळ म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. घराण्याच्या कर्त्याने पेटता दिवा धरून देवीसमोर उभे राहायचे, ही रीत होती; खालच्या आवाजातल्या ओळी त्यालाच उद्देशून आहेत, हे मास्तरांनी ताडले होते. कर्तेपण मामाकडून भाच्याकडे जाई; नव्याण्णवला पोदुवाळांचे मामा उभे होते.

"मी त्यांच्या पाठीशीच होतो. भगवती वाकली, मामांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, आशीर्वाद देतेय. चेंडा ढोल वाजत असताना काय ऐकू येणार?" पोदुवाळ म्हणाले. "त्यानंतर मामांनी घराचं मोठं दार कधी लावू दिलं नाही. नऊ वर्षं. पावसाळ्यात पाणी आत यायचं, तरी नाही. आम्ही म्हणायचो, म्हातारबुवांना वारा लागतो. ते गेल्यावर मी लावायला लागलो."

पोदुवाळांनी चष्मा पुसला आणि निराळ्याच सुरात सांगितले, की व्रताला बसलेल्या माणसाला आता गोंधळात टाकू नये. साडेतीन तासांत चार ओळींची उणीव कुणाला कळणार. आणि चूक जाहीर झाली तर माणसे तुमच्या नावाने काय बोलतील तेही पाहा. सगळे खरे होते. मास्तरांनी ते सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "उणीव कुणाला कळणार, हा प्रश्नच नाही. ती मी केलेली आहे."

"तुम्ही नास्तिक माणूस," पोदुवाळ म्हणाले. "तुम्हाला एवढं काय पडलंय?"

"देवीचं मला माहीत नाही. अंबुंना मी शब्द दिला होता, की पुरं ठेवीन."

संध्याकाळी माणिक्कम आली. मास्तरांनी घडलेले सांगितले. मोबाइलने लावलेला अर्थही दाखवला. तिला राग आला असावा, पण ती एवढेच म्हणाली, की प्रश्न कळला नसेल तर माणूस होय कशाला म्हणतो. मग तिने कानाला यंत्र लावून घेतले. नवऱ्याचा आवाज कानात येताच तिने टेबलाची कड धरली. चार ओळी तिने एकदा ऐकल्या, मग आणखी अकरा वेळा. शेवटी ओठ हलवीत उठली.

कुटीत यंत्र जाऊ शकत नव्हते. पण रोज दुपारी पेजेचे भांडे दाराशी ठेवायला तीच जात असे. दुसऱ्या दिवशी झावळ्यांच्या भिंतीशी बसून तिने त्या ओळी सांगितल्या. आतून उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मास्तर रोज संध्याकाळी तिच्या अंगणापर्यंत जात आणि तिच्या चेहऱ्यावरून काय ते समजून परत येत. चौथ्या दिवशी आतून सुगुणन म्हणाला, "अम्मायी, हे मामांच्या तोंडचं असेल. पण मी मामांकडून घेतलं ते दुसरं आहे. आता मामांना खोटं ठरवू का?"

"मामा खोटे नाहीत," ती म्हणाली. "मास्तर चुकले."

"मास्तर चुकतात?"

हे त्याने थट्टेने म्हटले नव्हते. मास्तरांनीच त्याला पाचवीत पाढे शिकवले होते. माणिक्कमने हा प्रश्न मास्तरांना जसाच्या तसा सांगितला, तेव्हा ते खाली पाहत म्हणाले, "त्याला सांगा, चुकतात. माझं नाव घेऊन सांगा." पाचव्या दिवशी तिने तसे सांगितले. मग सुगुणनने ओळी पुन्हा सांगायला लावल्या. पण जुनी उडी चार महिन्यांची होती आणि नव्या ओळी चार दुपारींच्या. शिवाय बाईच्या पुटपुटण्यातून मामांची चाल उचलायची होती.

या सगळ्या दिवसांत पोदुवाळ नेहमीप्रमाणे सकाळी येऊन वर्तमानपत्र वाचीत होते, आणि मास्तर नेहमीप्रमाणे समोर बसत होते. त्या ओळींचा विषय दोघांनीही काढला नाही.

*

उत्सवाच्या अखेरच्या पहाटे कावूसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. उजाडू लागले होते. लाल मुकुटाखाली, रंगवलेल्या चेहऱ्यामागे सुगुणन उरला नव्हता. विहिरीच्या काठचा प्रसंग आला तसे मास्तर गर्दीतून पुढे सरकले. पोदुवाळ नवे पांढरे मुंडू नेसून, दिवा धरून उभे होते. चेंडे खालच्या लयीत आले. भगवती थांबली, आणि वाकली.

मास्तर मोजू लागले. अडतीस सेकंद मोजायचे होते. लाल रंगाच्या ओठांची हालचाल त्यांना दिसत होती. अठरा. एकोणीस. पोदुवाळांच्या हातातली ज्योत एकदा हलली आणि त्यांनी दिवा दुसऱ्या हाताने सावरला. वीस. एकविसाव्या मोजणीला भगवती सरळ झाली, चेंडे उसळले, आणि मोठ्या आवाजाची ओळ सुरू झाली.

मास्तर गर्दीत तसेच उभे राहिले. मोजण्यात आपली चूक झाली असेल, असे मानून पाहिले. पण त्यांची मोजणी कधी चुकत नसे.

चार दिवसांनी, चेहऱ्याचा रंग उतरल्यावर, सुगुणन स्वतः वाचनालयात आला. पहिल्या दोन ओळी त्याच्या झाल्या होत्या. पुढच्या दोन शब्दांनी आल्या होत्या, चालीने नाही. "अर्धवट चालीत म्हटलं असतं तर मलाच ऐकवलं नसतं, मास्तर. म्हणून सोडल्या," तो म्हणाला. त्याने मास्तरांना दोष दिला नाही. नव्या एक्केचाळीस फाइली घेतल्या आणि तो कोवळ्या उन्हात रंगाची बादली घेऊन कामावर गेला.

आणखी आठवड्याने, टळटळीत दुपारी, पोदुवाळ आले. वर्तमानपत्राची वेळ ती नव्हती. ते वाळल्यासारखे दिसत होते. त्यांनी सरळ विचारले, की पुढे काय आहे. तळहातापाशी ती थांबली. पण नव्याण्णवला मामांच्या कानाशी ती जास्त वेळ वाकली होती, हे त्यांनी स्वतः पाहिले होते.

मास्तरांनी सांगितले, की हे ऐकवण्याचा अधिकार माणिक्कमचा आणि सुगुणनचा आहे. पोदुवाळ ऊन डोक्यावर घेत माणिक्कमच्या घरी गेले. पन्नास वर्षांत त्या घराण्याचा कर्ता तिच्या अंगणात कधी आला नव्हता. तासाभराने परतले तेव्हा त्यांच्या हातात पितळी दिवा होता. माणिक्कमने परवानगी दिली होती आणि एक अट घातली होती: बसून ऐकायचे नाही, उभे राहून, दिवा धरून ऐकायचे.

मास्तरांनी दिवा पेटवला. पंखा बंद केला. पोदुवाळ टेबलासमोर उभे राहिले, आणि मास्तरांनी एकोणतिसाव्या फाइलीतला तो भाग लावला. अंबुंचा आवाज, अठरा वर्षांपूर्वीच्या दुपारचा, फणसावरच्या कावळ्यासकट, खोलीत आला. पहिल्या दोन ओळींना पोदुवाळांची मान खाली होती. तिसरीला त्यांनी वर पाहिले. चौथी संपली. अडतीस सेकंद झाले.

पोदुवाळ म्हणाले, "मामांच्या कानात ती म्हणाली. माझ्या कानात यंत्र म्हणालं."

"शब्द तेच आहेत, पोदुवाळ."

"शब्द तेच आहेत. आरोप करायला ती स्वतः आली. त्यातून मोकळं करायला तुमची डबी आली." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दिव्यातले तेल कलते आहे हे पाहून त्यांनी तो सरळ धरला. "नऊ दिवस रोज सकाळी आपण इथं समोरासमोर बसलो. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलला नाहीत."

"सांगायचा अधिकार माझा नव्हता."

"आणि गाळायचा होता?"

पोदुवाळांनी दिवा टेबलावर ठेवला. वाऱ्याने तो विझू नये म्हणून एक खिडकी लोटून घेतली, आणि छत्री उघडून ते पायऱ्या उतरले.